नमुना क्रमांक सत्तेचाळीस

रुग्णालयाच्या ड्रेसिंग विभागात भांडणाला सहसा जागा नसते. लांब बाकावर बसलेली माणसे आपापला दुखरा हात किंवा पाय सांभाळत नंबराची वाट पाहत असतात, आणि ज्याला दुखते आहे त्याला वाद घालण्याची हौस फारशी उरत नाही. त्या मंगळवारी मात्र तिथे वाद झाला. घातला तो दोन धडधाकट माणसांनी.

उन्हाने रापलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक तरुण काचेची बरणी घेऊन सिस्टरच्या टेबलापुढे उभा होता. बरणीत मध होता. खिडकीतले सकाळचे ऊन त्यातून आरपार जाऊन कापसाच्या पांढऱ्या गुंडाळ्यांवर पिवळाधमक डाग पाडत होते.

"सिस्टर, माझ्या स्वतःच्या पेट्यांमधला आहे. भेसळीचा थेंब नाही. तुम्ही मधाचं ड्रेसिंग करता ना? मग हा वापरून बघा. फुकट देतो."

"अरे बाबा, हे काय स्वयंपाकघर आहे?" सिस्टरने चष्म्यावरून पाहिले. "इथं शिक्क्याच्या ट्यूबमधला लागतो. बरणीतला नाही चालत."

"मध तो मधच. ट्यूबमध्ये भरला म्हणून काय शहाणा होतो?"

बाकावर वडिलांशेजारी बसलेल्या एका तरुणीच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षे ती मधाच्या प्रयोगशाळेत तपासनीस होती. वैद्यकीय वापरासाठी येणाऱ्या मधाची प्रत ठरवणे, हेच तिचे काम. 'मध तो मधच' हे वाक्य तिच्यापुढे कुणी उच्चारावे आणि तिने गप्प बसावे, हे शक्य नव्हते.

"शहाणा होत नाही, निर्जंतुक होतो," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

तो वळला. "आपण डॉक्टर?"

"नाही."

"सिस्टर?"

"नाही. मी मध तपासते. पोटापाण्यासाठी."

"आणि वाद घालते," वडील मध्येच म्हणाले. "तो छंद."

"बाबा!"

"पण ताई, मधात जंतू जगत नाहीत. लहान पोरालाही माहीत आहे हे."

"वाढत नाहीत, असं म्हणा. काही जंतू बीजासारखे झोपून राहतात. म्हणून तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नसतो. आणि म्हणूनच उघड्या जखमेत बरणीतला मध घालायचा नसतो."

"मग उकळून घ्या!"

"उकळला की संपला. मधमाशी स्वतःच्या अंगातलं एक द्रव्य त्यात मिसळते. जखमेतलं पाणी लागलं की त्या द्रव्यामुळे मध हळूहळू जंतू मारायला लागतो. ते द्रव्य तापलं की मेलं. मग उरतं काय? पाक. पोळीवर घ्या आणि खा."

"मग निर्जंतुक करता तरी कसा?"

"किरणांनी. आच न लावता. तेही आधी तो त्या लायकीचा आहे का हे तपासून."

इथवर आलेला माणूस एक तर चिडतो, नाही तर काढता पाय घेतो, असा तिचा अनुभव. हा दोन्ही न करता सरळ तिच्या वडिलांशेजारी बाकावर येऊन बसला. बरणी त्याने दोन्ही पायांमध्ये ठेवली आणि म्हणाला, "हे पुन्हा सांगा. जरा सावकाश."

ती एकदम थांबली. सहा वर्षांत शेकडो लोकांनी तिला 'शुद्ध आहे ना?' एवढेच विचारले होते. पुन्हा सांगा... असे कुणीही म्हटले नव्हते.

*

वडिलांच्या पायाची जखम जुनी होती. साखरेच्या आजाराने ती दोन महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी साखरेचे औषध वाढवले आणि जखमेवर वैद्यकीय मधाची पट्टी सुरू केली. "जिभेला बंदी आणि पायाला मेजवानी," असे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दर मंगळवारी ती त्यांना घेऊन येई. आणि त्या दिवसापासून दर मंगळवारी तो मधपाळही येऊ लागला. कधी सिस्टरना काही विचारायचे असे, कधी 'या बाजूला कामच होते' असे. त्याचे शेत गावाबाहेर तासाभराच्या अंतरावर होते, आणि 'या बाजूला' इतके काम कुणालाही नसते, हे ती जाणून होती. पण सिद्ध न झालेल्या गोष्टीची नोंद करायची नाही, ही तिची सवय होती.

एका मंगळवारी सिस्टरने जुनी पट्टी सोडवली. पट्टी जखमेला न चिकटता अलगद सुटली. खाली गुलाबी, ओलसर, नवी कातडी कडेकडेने आत सरकत आली होती. तो वाकून पाहतच राहिला.

"हे... मधानं?"

"एकट्या मधानं नाही," ती म्हणाली. "साखर आटोक्यात आली, सिस्टर दर वेळी साफ करतात, डॉक्टर बघतात. मध त्यांच्या हाताखाली काम करतो. पट्टी चिकटू देत नाही, जंतूंना पाणी मिळू देत नाही. कामाचा आहे, पण जादूगार नाही."

"तुम्ही मधाचं कौतुकसुद्धा हात राखून करता."

"कौतुक मोजून केलं तरच ते खरं असतं."

"आणि माणसाचं?"

"तेही." मग नकळत तिच्या तोंडून निघून गेले, "...माणूस नीट मोजता आला तर."

वडिलांनी छताकडे पाहिले. सिस्टरने कात्री उगाचच दोनदा वाजवली.

बाहेरच्या बाकावर चहा घेता घेता त्याने आपल्या कामाबद्दल सांगितले. माशा फुलांतला पातळ रस आणतात आणि मग अख्खी रात्र पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवतात. पुरेसा घट्ट झाला की प्रत्येक कप्प्यावर मेणाचे झाकण बसवतात. ते झाकण हीच माशांची सही. चौकटीवरचा शेवटचा कप्पा झाकला जाईपर्यंत तो मध काढत नसे. शेजारचे मधपाळ आधीच काढून मोकळे होत, त्याला हसत. त्याच्या टेकडीवर निलगिरीची झाडे होती, आणि त्याच्या वहिनीने परसात हौसेने लावलेली सूर्यफुलांची एक रांग.

"त्या रांगेवरून वहिनी रोज माशांना शिव्या घालते," तो म्हणाला. "म्हणे, फुलं माझी, आणि पाहुणे तुमचे."

ती हसली. मग तिने आपले काम सांगितले. काचेच्या बशीत जेलीचा थर असतो, त्यावर जंतू पसरलेले असतात. मध्ये बारीक खड्डा करून त्यात मध घालायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी सगळी बशी जंतूंनी गढूळ झालेली असते. फक्त मधाभोवती एक स्वच्छ वर्तुळ उरते. वर्तुळ जितके मोठे, तितकी प्रत वरची.

"म्हणजे रात्रभर तो एकटा सगळ्यांशी लढतो, आणि सकाळी तुम्ही जाऊन मोजता की त्यानं किती जागा राखली?"

असे तिने कधी पाहिले नव्हते. त्यानंतर मात्र तिला ते वर्तुळ तसेच दिसू लागले.

त्याच बाकावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, पण हसत नव्हे. तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून तो पेट्यांमागे लागला होता. टेकडी त्याची आणि थोरल्या भावाची सामायिक. भावाने शब्द दिला होता: या हंगामापर्यंत थांबतो. मधाला वैद्यकीय पहिली प्रत मिळाली आणि रुग्णालयाने तो घेतला, तर पेट्या राहतील. नाही, तर त्या उचलायच्या आणि भावाबरोबर दुकानात बसायचे.

"कुठल्या प्रयोगशाळेत देणार?" तिने विचारले.

"बघू..." तो म्हणाला आणि चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

दोन मंगळवारांनी डॉक्टरांनी जखम पूर्ण भरल्याचे सांगितले. वडिलांनी मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि गंभीरपणे विचारले, "डॉक्टर, दुसऱ्या पायालाही करून घेता येईल का? घरात जरा गरज आहे."

दाराशी तो उभा होता. "बरं झालं," तो म्हणाला. "फार बरं झालं." त्याला आणखी काही बोलायचे होते, तिलाही. पण मंगळवार संपले होते, आणि मंगळवाराशिवाय भेटायचे कसे, हे दोघांनाही ठरवता आले नव्हते. त्याने वडिलांना हात देऊन रिक्षात बसवले, आणि रिक्षा निघाली.

*

प्रयोगशाळेत नमुने नावाने येत नाहीत. कचेरीत नाव काढून क्रमांक चिकटवला जातो, म्हणजे तपासणाऱ्याला तपासायचे असते ते केवळ मध. जखम भरल्यानंतर तीन आठवड्यांनी तिच्या टेबलावर सत्तेचाळीस क्रमांकाची बाटली आली.

पाणी मोजले: साडेसोळा टक्के. उत्तम. तापवल्याची खूण जवळपास नाही. कुणीतरी फार धीराने काढलेला मध होता हा. तिच्या मनात त्या अनोळखी माणसाबद्दल आदर दाटून आला. मग तिने थेंबभर मध पाण्यात विरघळवून, खाली बसलेला गाळ काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

भिंगाखाली त्रिकोणी परागकणांची गर्दी होती. निलगिरी. आणि त्या गर्दीत, विखुरलेले, अंगभर काटे असलेले गोल कण. सूर्यफूल. मोजके, एका रांगेत मावतील एवढेच.

ज्या परसात तिने कधी पाऊल टाकले नव्हते, ते सगळे परस तिच्या डोळ्यांपुढे होते. टेकडी, झाडे, वहिनीची रांग, शिव्यासुद्धा.

अर्थात हा पुरावा नव्हे. निलगिरी आणि सूर्यफूल आणखी कुणाच्याही शेतात असू शकते. तिने हा युक्तिवाद स्वतःशी तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा तो तिलाच पटला नाही. मग दुसरा केला: कळले म्हणून काय बिघडले? वर्तुळ कॅलिपरने मोजायचे आहे. आकडा काही कुणाच्या प्रेमात पडत नाही. पण हाही टिकला नाही, कारण वर्तुळाची कड कधीच रेघेसारखी नसते. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा धूसर पट्टा असतो, आणि कॅलिपरचे टोक त्या पट्ट्यात नेमके कुठे थांबवायचे, हे हात ठरवतो. तिचा हात सहा वर्षे निर्मळ होता. आज त्याची खात्री तिला देता येत नव्हती.

ती बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंकडे गेली.

"मॅडम, हा नमुना कुणाचा आहे ते मला बहुतेक कळलंय. तो दुसऱ्या टेबलावर द्या."

बाईंनी पेन खाली ठेवले. तीस वर्षांच्या नोकरीत त्या फक्त दोनदा हसल्याची वदंता होती. "ओळखीचा आहे?"

"हो."

"ओळखीवरून नमुना हलवता येत नाही. माझी भाजीवाल्याशीही ओळख आहे. नातं असेल तरच. हा घे निवेदनाचा फॉर्म. 'नात्याचे स्वरूप' भर."

तिने पेन उचलले. पेन कागदावर टेकले, आणि तिथेच राहिले.

"काय झालं?"

"मॅडम... काय लिहू ते कळत नाही."

"भाऊ? चुलता? नवरा?"

"नाही."

"मग नातं नाही. बाटली परत घेऊन जा."

"नातं आहे," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाने दचकली. "म्हणजे... माझ्या बाजूनं आहे."

बाईंनी फॉर्मवर बोट ठेवले. "एक सांगून ठेवते. या निवेदनाची प्रत नमुना देणाऱ्याला जाते. तपासनीस का बदलला, हे जाणून घ्यायचा त्याचा हक्क आहे. त्याचं म्हणणंही त्यावर घेतलं जातं. कळलं ना?"

न लिहिता परत जावे, मोजावे, सही करावी; कुणाला काही कळणार नाही. आणि कळले नाही, तरी त्या माणसाचा तीन वर्षांचा धीर तिच्या सहीखाली कायमचा डागाळेल. त्याच्या मधाला मिळायचे ते निखळ मिळायला हवे.

तिने लिहिले. अक्षर नेहमीसारखेच टपोरे आले.

'नात्याचे स्वरूप: एका बाजूने प्रेम. दुसऱ्या बाजूची माहिती नाही.'

बाईंनी वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उद्यापासून सत्तेचाळीस माझ्या टेबलावर," त्या म्हणाल्या. आणि मग, कुणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या तिसऱ्यांदा हसल्या.

*

आठ दिवस गेले. घरी तिने एकदा चहात मीठ घातले. वडिलांनी तो निमूट पिऊन टाकला आणि म्हणाले, "साखरेपेक्षा बरं. डॉक्टरही खूश होतील."

नवव्या दिवशी दुपारी ती काचपट्ट्या धूत असताना दारात सावली पडली. तो आला होता. हातात एक पाकीट, आणि चेहऱ्यावर काही वाचता येणार नाही असा भाव.

"साडेएकवीस," तो म्हणाला.

पहिल्या प्रतीला बावीस मिलिमीटर लागत. तिने नळ बंद केला. हात पुसायचे तिला सुचले नाही.

"दुसरी प्रत," तो म्हणाला. "खोकल्याला चालेल, घशाला चालेल. जखमेला नाही." मग त्याने विचारले, "तुम्ही मोजलं असतं, तर किती आलं असतं?"

खोटे बोलायला तो क्षण फार सोपा होता. "माहीत नाही," ती म्हणाली. "कडेला अर्ध्या मिलिमीटरचा धूसर भाग असतो. माझा हात तिथं कुठं थांबला असता, खरंच माहीत नाही. म्हणून तर मोजलं नाही."

"हं. पहिल्या दिवशी मला राग आला. तुमचा. म्हटलं, ही बाई एवढं कशाला..." त्याने वाक्य सोडून दिले. "मग दोन्ही कागद दादाच्या पुढ्यात ठेवले आणि सांगितलं, पेट्या उचलतो. दादानं निकाल बाजूला सारला आणि तुमचं निवेदन दोनदा वाचलं. वहिनीला हाक मारून तिलाही वाचायला दिलं."

"देवा!"

"दादा म्हणाला, जिथं अर्ध्या मिलिमीटरसाठी माणूस स्वतःची अब्रू कागदावर मांडतो, तिथली दुसरी प्रतही खरीच असणार. आणखी एक हंगाम देतो."

तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा त्या पाकिटात होता, आणि पाकिटाबद्दल तो काही बोलत नव्हता. म्हणून ती कामाचे बोलली.

"पाणी उत्तम होतं. तापवलेलाही नव्हता. मग उतरला कसा? पाठवायच्या आधी बाटली कुठे ठेवली होती?"

"खिडकीत."

"खिडकीत? किती दिवस?"

"दहा. पाठवू की नको, ठरत नव्हतं. दुसरी प्रयोगशाळा दोन दिवसांच्या वाटेवर... आणि इथं दिला तर तुमच्यासमोर येणार. रोज उठून बाटलीकडे बघायचो."

"उजेडानंही ताकद उतरते त्याची! मी सांगितलं होतं तुम्हाला. चहा घेताना!"

"सांगितलं असेल," तो म्हणाला. "तेव्हा मी ऐकत नव्हतो. पाहत होतो."

धुतलेल्या काचपट्टीवरून पाण्याचा एक थेंब ओघळून फरशीवर पडला. शेजारच्या खोलीतले टंकलेखनही नेमके तेव्हाच थांबले.

त्याने पाकिटातून निवेदनाची प्रत काढली. "यात खाली 'नमुना देणाऱ्याचे म्हणणे' म्हणून दोन ओळी सोडल्यात. चार दिवस घेऊन बसलो. दोन ओळींत मावेना. शेवटी आत्ता कचेरीत विचारलं, जास्तीचं पान जोडता येतं का."

"मग?"

"म्हणाले, तोंडी सांगितलं तरी चालतं. पण संबंधित तपासनीसासमोर."

"सांगा मग," ती म्हणाली. आवाज कामाचाच ठेवायचा तिने प्रयत्न केला; तो जमला नाही.

"वडील बरे झाल्यावरही तीन मंगळवार मी त्या बाकावर येऊन बसलो. तिसऱ्या वेळी सिस्टर म्हणाल्या, जखम दाखवा नाही तर जागा सोडा." त्याने मान खाली घातली, मग वर केली. "तुम्ही रागावता तेव्हाही खरंच बोलता. माझं नुकसान होत असतानाही खरंच लिहिलंत. मी माशांशिवाय कुणावर इतका विश्वास ठेवलेला नाही. माझ्या बाजूनंही तेच आहे... तुम्ही लिहिलंय तेच. पहिल्या दिवसापासून. तुम्ही म्हणालात ना, पोळीवर घ्या आणि खा, तेव्हापासून."

"ते काय प्रेमात पडायचं वाक्य आहे?"

"मला पर्याय दिला होतात का?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे ओल्या हाताच्या मनगटाने टिपले. मग गंभीर झाली. "एक लक्षात ठेवा. आता तुमच्या मधाची प्रत मी कधीच ठरवू शकणार नाही. आयुष्यात."

"मॅडम ठरवतील. पुढच्या वर्षी अंधारात ठेवलेला आणीन, आणि बावीस आणीन. तुम्ही घरी चव सांगा."

तिने त्याच्या हातातली प्रत घेऊन टेबलावर ठेवली आणि पेन उचलले. 'दुसऱ्या बाजूची माहिती नाही' या शब्दांवरून तिने एकच सरळ रेघ ओढली, वर नेटकेपणाने 'दोन्ही बाजूंनी' असे लिहिले आणि शेजारी सही केली.

तो वाकून पाहत होता. "खाली खोडलेलं दिसतंय की अजून."

"दिसायलाच हवं. आमच्याकडे चूक पुसत नाहीत. एका रेघेत खोडायची, दुरुस्ती करायची, सही ठोकायची." तिने पेन त्याच्यापुढे धरले. "तुमचीही लागेल. इथं."

त्याने पेन घेतले. पेनाबरोबर तिची बोटेही त्याच्या हातात आली, आणि तिने ती काढून घेतली नाहीत.

"असा धरलात तर सही कशी करणार?" तिने हळूच विचारले.

"करतो," तो म्हणाला. "सावकाश."